सुगंधाबाईची सहाण

रत्नमालानं बिब्बा ठेचला, त्याचं कातडी जाळणारं काळं तेल काडीवर घेतलं अन् शेळीच्या सडक्या खुरात भरलं. शेळी उड्या मारू लागली. हिनं तिला गुडघ्यानं भिंतीशी दाबलं. "सरळ उभी राय की, महाराणी! तुझंच काम चाललंय."

ठेचायला घरात धड दगड सापडंना, म्हणून शेजारच्या सुगंधाबाईच्या ओट्यावरची सहाण उचलून आणलेली. बाई बाजाराला गेलती. रत्नमालानं सहाण दोनदा पाण्यानं धुतली, ओढणीनं पुसली अन् होती तिथं ठेवली. तिचं सगळंच असं घाईचं. नववीत शाळा सोडली तीबी एका दुपारी, दप्तर भिंतीवरून फेकून.

आता ही सुगंधाबाई म्हणजे हर्सूलच्या आमच्या गल्लीतल्या तोंडांची डॉक्टरीण. माहेर फुलंब्रीकडचं, बाप मेंढरं राखायचा. नवरा गेल्यावर शाळेत खिचडी शिजवून दोन पोरी उजवल्या. कुणाच्या गालावर, कपाळावर बारीक पुटकुळ्या उठल्या की ती पोरगी हिच्या ओट्यावर. बाई आधी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवायची. "नखं लावली व्हय गं?" लावली असली तर हातावर चापट. मंग जायफळ कच्च्या दुधात उगाळायची अन् एकेका पुटकुळीवर करंगळीनं ठिपका द्यायची. पिकलेल्या फोडाला मात्र हात लावायची नाय. "हे माझं काम नाय, दवाखान्यात जा." कायदा एकच, सहाणीला दुसऱ्यानं शिवायचं नाय.

त्याच सांजेला समोरच्या मुनिराचाचीची लुबना आली. सोमवारी वेरूळच्या एका हॉटेलात तिला काउंटरच्या नोकरीसाठी बोलावलेलं, अन् कपाळभर दाणे.

"मावशी, सोमवारपर्यंत जातील का?"

"दाणे काय माझे नोकर हायेत का गं, जा म्हणलं की जायला? कमी व्हतील. बैस."

रत्नमाला तिथंच शेंगा फोडत उभी होती. जायफळ सहाणीवर फिरायला लागलं तवा तिला बिब्बा आठवला. पण धुतली होती की. दोनदा. आता सांगितलं तर मावशी सगळ्यांसमोर झाडणार. ती शेंगा खात राहिली.

रविवारी सकाळी लुबनाचं कपाळ सुजून डोळ्यांवर आलं. जिथं जिथं ठिपका, तिथं पाण्याचा फोड. मुनिराचाची तिला हाताला धरून ओरडतच आली. "क्या लगाए जी तुम मेरी बच्ची को? मुँह जला डाले! कल उसकू नौकरी पे बुलाए थे!"

सुगंधाबाईनं लुबनाचं तोंड उजेडाकडं फिरवलं. बघितलं. चपला सरकवल्या अन् दवाखान्यात न्यायला आणलेल्या त्यांच्या रिक्षात न बोलावता जाऊन बसली.

रिक्षा वळली तशी रत्नमालानं काय केलं? सहाण घेतली अन् राखेनं, साबणानं, काथ्यानं घासत बसली. लुबनाच्या डोळ्याचं काय होईल, हे तिच्या मनात पार दुपारी आलं. आधी सहाण आली.

डोळे वाचले. नोकरी गेली. फोड बसले, पण काळे डाग राहिले. गल्लीनं ओट्याकडं पाठ फिरवली. नळावर द्वारकाबाई म्हणाली, "म्हातारीला दिसत नाय, अन् निघाली तोंडं सुधरायला."

रत्नमालानं कळशी आपटली. "तोंड सांभाळ, द्वारकाबाई! तुझ्या सुनेचे गाल कुणी नीट केलते?"

"मंग लुबनाचं कपाळ कुणी जाळलं? सांग की, वकिलीणबाई."

बाया हसल्या. रत्नमालाच्या तोंडात उत्तर होतं. तिनं अर्धीच भरलेली कळशी उचलली अन् निघाली.

अशी ती तीनदा भांडली. एकदा तर झिंज्या धरल्या. मावशीसाठी जीव द्यायला तयार होती, पण ते एक वाक्य काय तिच्यानं बोलवंना. सुगंधाबाई रिकाम्या हातानं ओट्यावर बसायची. पोरी खाली मान घालून पुढून जायच्या. दिवाळीनंतर बाई करमाडला लेकीकडं राहायला गेली.

ओट्याला कुलूप लागलं तवा कुठं रत्नमाला लुबनाच्या दारात जाऊन उभी राहिली. फरशीकडं बघत म्हणाली, "तुझं तोंड मी जाळलं. मावशीच्या सहाणीवर मी बिब्बा ठेचलता."

लुबना म्हणाली, "बिब्बा उतलाय, हे मावशीनं रिक्षातच सांगितलं. मेंढरांच्या घरची ना ती, बघताच वळखलं. डॉक्टरनं विचारलं, कुणी ठेचला? तर म्हणाली, मीच. अन् घरी येताना अम्मीला कसम घातली, बिब्ब्याचं नाव गल्लीत काढायचं नाय. गल्लीत शेळी एकाच घरी हाय."