उधाणात पुस्तक बंद

माझ्या आयुष्यातलं पहिलं वेळापत्रक मी भाताच्या खळीने स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवलं होतं. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूला, लाल आणि निळ्या शाईत. पहाटे पाच ते साडेसहा अभ्यास. मग स्वयंपाक, पाणी, धुणं. नऊला घराबाहेर, दहा ते पाच शाळा, सहा ते सात पुन्हा अभ्यास. सगळ्यात खाली दोन रेघा ओढून लिहिलं होतं, ‘आळस करू नये.’ आज ते आठवलं की त्या मुलीच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. आळस करायला तिला सवड कुठे होती!

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली असतील. मी तळा गावाकडची, समुद्रापासून लांब, भातशेती करणाऱ्या घरातली. लग्न होऊन आले ती साळावला, म्हणजे रेवदंड्याच्या समोर, खाडीच्या अलीकडे. नवरा मुंबईला नोकरीत, महिन्यातून एकदा यायचा. घरात सासूबाई, मी, एक मारकी गाय आणि नारळाची छोटी वाडी. आणि मी ज्या शाळेत शिकवायचे ती शाळा खाडीपलीकडे रेवदंड्यात. पूल नव्हता. होडीने जायचं, होडीने यायचं.

शाळेत मी तात्पुरती होते. शिक्षकांची परीक्षा पास झाले तर कायम होणार, नाही तर जूनपासून माझ्या जागी दुसरी कोणी. पहिल्या खेपेला मी सरळ नापास झाले होते. दुसरी खेप शेवटची, हे मला दोनदा बजावून सांगण्यात आलं होतं. ती नोकरी मला फार हवी होती. फळ्यासमोर उभी राहिले की मी कोणाची सून नसायचे, कोणाची बायको नसायचे, आणि चाळीस मुली माझं ऐकायच्या. घरात तर गायसुद्धा ऐकत नव्हती.

तर ते वेळापत्रक. पहिल्या सोमवारी ते चाललं, मंगळवारी मोडलं. भरतीला होडी पार काठाला लागायची. ओहोटीला ती लांब उभी राहायची आणि आम्ही बायका लुगडी गुडघ्यापर्यंत खोचून चिखल तुडवत तिच्यापर्यंत जायचो. पलीकडे पुन्हा तेच. मग पाय धुवा, लुगड्याचे काठ पिळा. येताना तसंच झालं की घरी पोचायला साडेसहा व्हायचे, आणि भिंतीवरचा कागद सांगायचा, तू अर्धा तास मागे आहेस. पहाटे पाचला पुस्तक उघडावं तर डोळे मिटायचे. मी स्वतःलाच शिव्या द्यायचे आणि रविवारी नवा कागद चिकटवायचे. अशी सहा वेळापत्रकं झाली. सासूबाई म्हणाल्या, “भिंतीला ओल आल्ये म्हणून चिकटवतेस की काय?”

होडीत रोज एक कोळीण असायची. पन्नाशीची, दंडाला भक्कम, डोक्यावर मासळीची पाटी, नजर अशी की चोरटा विचारसुद्धा पकडावा. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. एक दिवस तिने मला बोटं मोजत पुटपुटताना पाहिलं.

“काय मोजतेस गो बाय?”

मी माझं वेळापत्रक सांगितलं. ती अशी हसली की पाटीतला एक बोंबील माझ्या मांडीवर पडला.

“रोज पाच वाजता? अगो, पानी तरी रोज पाच वाजता येतंय काय?”

“अभ्यासाचा आणि पाण्याचा काय संबंध?”

“पान्यावरशी जातेस, पान्यावरशी येतेस, आनि संबंद इचारतेस व्हय?”

मग तिने मला समजावलं. तिथीचा जो आकडा, त्याच्या पाऊणपट वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. मी वर्गात पाऊणकीचा पाढा घोकून घ्यायचे आणि मुलींना तो कशासाठी हे मला सांगता यायचं नाही. या बाईला सहीसुद्धा येत नव्हती आणि पाऊणकी तिच्या जिभेवर होती. मला जरा लाजच वाटली.

पण खरी गोष्ट पुढची होती. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाण्याला ओढ जबर, ते उधाण. त्या चार-सहा दिवसांत जाळी भरतात, घरातलं माणूस न् माणूस राबतं. अष्टमीच्या आसपास पाणी मंद, तो भांग. होड्या काठावर, जाळी सांधायची, माहेरी जायचं, झोपायचं.

“लग्नं?” मी विचारलं.

“भांगात. माज्या लेकीचं बी भांगातच केलं. भांडान बी भांगातच करायचं, उधानात येल कुनाला हाय? उधानात मासली सोडून दुसऱ्या कामाला हात लावला तो येडा, आनि भांगात दमला तो बी येडाच.”

घरी जाऊन मी वेळापत्रक फाडलं आणि पंचांग काढलं. माझंही सगळं तसंच होतं की! उधाणात संध्याकाळी खाडी पार उघडी पडायची, येता येता जीव मेटाकुटीला यायचा. मासळी स्वस्त, म्हणून सासूबाई टोपलीभर आणायच्या आणि ती साफ करून, मीठ लावून वाळत घालायची मी. भांगात त्यातलं काहीच नसायचं. मग मी ठरवलं, उधाणात पुस्तक फडक्यात बांधून फडताळात. नुसतं बंद नाही, गाठ मारून. आणि मुख्य म्हणजे त्याबद्दल वाईट वाटून घ्यायचं नाही. भांग लागला की गाठ सोडायची आणि मग सासूबाईंनी हाक मारली तरी एका हाकेला उठायचं नाही.

हे दुसरं जमायला मला तीन भांग लागले. पण जमलं. डोळे मिटेनात, वाचलेलं डोक्यात राहू लागलं. मी तर इतकी चढून गेले की शाळेतल्या बायकांना तिथी विचारून सल्ले देऊ लागले. समुद्राकाठी जन्मलेल्यांना तळ्याची पोरगी भरती-ओहोटी शिकवत होती.

परीक्षा अलिबागला होती, तीन दिवस, सकाळी अकरापासून. पहिला पेपर पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. आदल्या दिवशीच जाऊन नात्यातल्या एका घरी राहायचं ठरलं होतं. पण पौर्णिमेला घरी सत्यनारायण निघाला. सासूबाई म्हणाल्या, “तू जा, मी बघीन.” त्यांनी अगदी मनापासून म्हटलं होतं. मीच म्हटलं, “छे, मी थांबते, सकाळच्या एस.टी.ने जाईन.” नाही म्हणायला मला कधीच जमलं नाही, आणि इथे तर कोणी थांबायलाही सांगितलं नव्हतं! शिरा मीच केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला गाठोडं घेऊन काठावर आले आणि कपाळाला हात लावला. खाडी रिकामी. दोन्ही काठांना चिखलच चिखल, मधे पाण्याचा एक पट्टा, आणि होडी चिखलात आडवी पडलेली. पौर्णिमेची दुपारची भरती म्हणजे सकाळी ओहोटी, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी चार महिने पंचांग बघत होते ते अभ्यास कधी करायचा म्हणून. खाडी कधी ओलांडायची हे बघायचं मात्र सुचलं नाही. होडीवाला म्हणाला, “नवाच्या आत न्हाय हलत.” एस.टी. साडेसातची, पुढची दुपारी. टांगा धरायचा तरी आधी पलीकडे पोचायला हवं. मी तिथेच वाळूत बसले. वर्षभराची मेहनत एका शिऱ्यापायी गेली होती.

मावशी काठावरच होती, सुनांबरोबर रिकाम्या पाट्या मांडून. तिच्या माणसांची होडी पाणी चढताच येणार होती, आणि आल्या आल्या बोंबील निवडून वाळायला टांगायचे होते. ती माझ्याजवळ आली. मी काय झालं ते सांगितलं.

“पूजेला थांबलीस? देव काय पलून चालला व्हता?” ती म्हणाली, आणि माझं गाठोडं उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवलं. “ऊठ.”

तिचं छोटं होडकं पार खाली, खोल पाण्यात बांधलेलं होतं. तिथपर्यंत मांडीभर चिखल. ती पुढे, मी तिचा हात धरून मागे. दोनदा मी पडले, दोनदा तिने मला उपसून काढलं आणि दोन्ही वेळा शिव्या दिल्या. होडकं तिने एकटीने वल्हवलं. पलीकडे पुन्हा चिखल. मग एका ओळखीच्या घरी विहिरीवर तिने माझ्या अंगावर चार बादल्या ओतल्या, मला गाठोड्यातलं दुसरं लुगडं नेसायला लावलं आणि एस.टी.त बसवून दिलं. गाडी सुटली तेव्हा ती पाठमोरी झाली होती.

तीन दिवसांनी परत आले तेव्हा होडीवाल्याने सांगितलं. मावशीला परतताना पाणी उलटं लागलं, उशीर झाला. एवढी मासळी दोन सुनांना आवरली नाही. निम्मे बोंबील उन्हात मऊ पडले आणि खताला गेले.

मी तशीच तिच्याकडे गेले. ती जाळं सांधत बसली होती. मी म्हटलं, “मावशी, उधाणात लेकीचं लग्नसुद्धा ठेवलं नाहीत तुम्ही. आणि माझ्यासाठी हे असं केलंत?”

तिने मानसुद्धा वर केली नाही. “उधान काय, पंधरा दिसांनी परत येतंय. तुजी परीक्षा येनार व्हती काय?”

 मी तिच्या शेजारी बसले आणि चांगली हमसून रडले. तिने मला रडू दिलं. तिला सवड होती, भांग जवळ आला होता.

निकालाचं पत्र आलं ते नेमकं अमावास्येला. निकाल उधाणात लागला तर अष्टमीपर्यंत थांबून मग तिला सांगावं असं मी अगदी शहाण्यासारखं ठरवलं होतं. पत्र हातात पडलं आणि मी तशीच काठाकडे पळत सुटले. मावशी दोन्ही हातांत बोंबील घेऊन उभी होती, कोपरापर्यंत खवल्या-चिकट्याने माखलेली.

“पास!” मी लांबूनच ओरडले.

“झालीस न?” ती हसली, आणि लगेच म्हणाली, “मग हुबी काय ऱ्हायलीस? धर ही पाटी.”

मी पत्र पोलक्यात खुपसलं आणि पदर खोचला.