वन्सं, आज कोण आलंय?

मुलांनो, तुमच्या आजोबांच्या धाकट्या बहिणीत जितक्या बायका राहत होत्या, तितक्या आमच्या सबंध मंगळवार पेठेत नव्हत्या. वन्सं इथल्या, कोल्हापुरातल्या स्टुडिओत सिनेमात कामं करत. राणी, मोळीविकी, पाटलीण, भुतीण, मिळेल ते काम. तक्रार एवढीच की शूटिंग संपलं तरी भूमिका टांग्यात बसून त्यांच्याबरोबर घरी यायची. राणी असल्या की चहासाठी टाळी वाजवत. मोळीविकी असल्या की माझ्या खुर्च्या सोडून उंबऱ्याशी उकिडव्या बसत. प्रेताचं काम मिळालं, तेव्हा सराव म्हणून बाहेरच्या सोप्यात अशा निपचित पडल्या, की दूधवाल्यानं रडत सारी गल्ली गोळा केली. म्हणून मी दारातूनच विचारायची, "वन्सं, आज कोण आलंय?"

पुढे त्यांची पडद्यावरची खाष्ट सासू गाजली, आणि नेमकं तेव्हाच त्यांच्या मुलाचं पेठ वडगावच्या एका मुलीवर मन जडलं. मुलीकडचे आले. वन्संना पाहताच मुलीची आई दारातच थबकली.

"अगं बाई! ही तर सुनंला हिरीत ढकलणारी!"

"ते सिनेमात की हो!" मी म्हणाले.

"पर ढकलताना हात न्हाई थरथरला हिचा!"

"खरंच? एवढं जमलंवतं?" वन्संचा चेहरा खुलला. मी चिमटा काढला, तशा त्या लगेच प्रेमळ माउली झाल्या. डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "ही सून नव्हे, माझ्या देव्हाऱ्यातली समई!"

"बघा, रडती बी कशी ठरवून!" म्हणत विहीणबाईंनी चपला शोधायला घेतल्या. मुलगा पांढराफटक पडला. ते पाहून वन्सं मटकन खाली बसल्या आणि मी कधीच न ऐकलेल्या बारीक आवाजात म्हणाल्या, "पोरगं माझं गुणाचं हाय. मला खरी सासू व्हायला कुणी शिकवलं न्हाई. चुकलं तर सांगा."

"आई, मी हितंच नांदायला येतो," मुलगी म्हणाली. आमच्या कोल्हापुरात मुलीही 'येतो'च म्हणतात.

मग रोज सकाळी ती सून चहा देताना विचारायची, "आत्ती, आज कोण?" आणि उत्तर येईल तशी त्यांच्या जोडीला दासी, फौजदार, एकदा तर वाघसुद्धा व्हायची.

वन्संच्या शेवटच्या आजारात मी त्यांच्या मुलाच्या घरी भेटायला गेले होते. उशी सारखी करता करता सुनेनं नेहमीचाच प्रश्न विचारला.

"आज कुणी न्हाई गं," वन्सं त्याच बारीक आवाजात म्हणाल्या. "मीच हाय."

सुनेनं त्यांचा हात हातात घेतला. म्हणाली, "लई दिसांनी आलासा की. ऱ्हावा आता."