भिरंडं फोडायला गेलो तो दिवस

माझं वासरू हरवलं आणि माझ्याच मुलाने गावातल्या एकुलत्या एका मुसलमान घराकडे बोट दाखवलं. त्या घरचा माणूस स्कूटर दुरुस्त करतो. दुपारपर्यंत मोबाइलवरून ती गोष्ट तीन गावं फिरली. त्याने पोलिसांना फोन केला. गाडी जत्रेच्या बंदोबस्ताला गेली होती. येऊ, म्हणाले.

पोलीस यायची वाट आमच्याकडे पूर्वी कोण बघत नसे. कुणाचा नवरा मारझोड करू लागला, की शेजारच्या बायका हातातलं काम घेऊन त्याच्या सोप्यावर, दारापुढच्या ओसरीत जाऊन बसायच्या. बोलायचं काही नाही. तो आपोआप गप्प व्हायचा.

मी सोलं करायची भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, आणि सुरी उचलली. चार घरी हाका मारल्या. दोघी आल्या. एक म्हणाली, ''आमच्यात लग्न आहे गो.'' चौथीने दारच उघडलं नाही.

आम्ही तिघी त्या स्कूटरवाल्याच्या सोप्यावर बसून भिरंडं फोडत होतो. त्याची बायको आत सामान बांधत होती. तेवढ्यात पंधरा-वीस जण आले. पुढे माझा मुलगा.

''आये, ऊठ. घरी चल.''

''भिरंडं संपली की येते.''

''लोक बघतायत.''

''बघू देत. वासरू माझं. मी बोंब मारली नाही, तू कशाला मारतोस?''

मागे मोटारसायकलवर एक परका होता. तो ओरडला, ''ए म्हातारे, बाजूला हो!''

मुलगा गर्रकन वळला. ''म्हातारी कुणाला म्हणतोस रे? आई माझी ती!''

मग त्यांचीच जुंपली. शिव्या झाल्या, ढकलाढकली झाली आणि पांगले. पोलीस दिवेलागणीला आले. आमची नावं लिहून घेऊन गेले.

लोक मला शाबास म्हणतात. मला ते बोचतं. मुलाने माझी बाजू घेतली, त्या घराची नाही. मी नसते तर? सगळेच परके असते तर? त्यांना माझ्या सुरीची नि भिरंडांची काय लाज?

तिसऱ्या दिवशी वासरू नदीकाठच्या खाजनात, खाऱ्या चिखलात सापडलं. जवळची वाट सोडून मी मुलाला ते त्या घरावरून आणायला लावलं. मान खाली घालून तो चालला. दारातून स्कूटरवाल्याची बायको म्हणाली, ''मिळालं का, काकी? बरं झालं.''

तिच्या मागे भिंतीला लावलेली बोचकी दिसत होती. महिना झाला. रोज दुपारी काहीतरी काम काढून मी तिथे जाऊन बसते. बोचकी अजून तिने सोडलेली नाहीत.