दादाच्या हिरव्या रेघा

दादा गेला तेव्हा भात कापणीला आलं होतं. मी टेमघरच्या माझ्या शाळेत, मधल्या सुट्टीत डबा उघडून बसले होते आणि दिघाशीहून वहिनीचा फोन आला. "ताय, लवकर ये. खुर्चीवर बसलेत, उठतच न्हाईत." रिक्षात बसले तरी मला वाटत होतं, याचं यंदा लवकर सुरू झालं वाटतं… डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं. ज्या दिवसांना माझा भाऊ आयुष्यभर घाबरला, ते यायच्या आधीच तो गेला.

भाताच्या आवणीपासून दिवाळीपर्यंत दादाला नुसतं उधाण असायचं. चिखलात उभा राहून गाणी म्हणायचा, बांधावरून जाणाऱ्या-येणाऱ्याची टर उडवायचा, मला 'हेडमास्तरीण' म्हणायचा, जी मी कधीच झाले नाही. आणि मार्गशीर्ष लागला की हाच माणूस गोधडीत शिरून भिंतीकडे तोंड करायचा. दाढी नाही, आंघोळ नाही, पुढ्यातली भाकरी तशीच. आईने दृष्ट काढून पाहिली. मी शिकलेली, जास्त शहाणी. मी त्याला आळशी म्हणाले, सोंगं पुरे कर म्हणाले. बोलायला मी फटकळ आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे, पण तेव्हा मी नुसती फटकळ नव्हते, दुष्टपणाने वागले. त्यावर तो एवढंच म्हणाला, "सकाली खाटेवरून पाय खाली टाकायला जीव होत न्हाय, बाय."

त्याच आठवड्यात मी त्याला भिवंडीत मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. दिवस लहान झाले की काही माणसांचं मन असं खचतं, हा आजारच आहे, असं ते म्हणाले. गोळ्या दिल्या आणि रोज सकाळी तासभर उन्हात बसायला सांगितलं. दादाने गोळ्यांइतकंच ते ऊनही वेळेवर घेतलं. अंगणात निळी प्लॅस्टिकची खुर्ची टाकायची, पूर्वेकडे तोंड करून बसायचं, चहा तिथेच. पुढचे काही हिवाळे बरे गेले. सगळं गेलं असं नाही, पण पाय खाली यायला लागले.

मग घरासमोरच्या आमच्या माळावर गोडाऊन बांधायला जागा मागत लोक आले. दादाचं मन होत नव्हतं. जागेवर माझंही नाव, म्हणून मी वैशाखात जाऊन पाहून आले, तेही भर दुपारी. ऊन डोक्यावर होतं, माळावर गवताची काडी नव्हती. पडीकच तर आहे, देऊन टाक, असं मी म्हणाले आणि पहिली सही मीच केली. पुढच्या मार्गशीर्षात सूर्य दक्षिणेकडे सरकला आणि गोडाऊनच्या उंच पत्र्याची सावली सकाळची आमच्या अंगणात येऊन पडली. त्याचं ऊन मी विकलं होतं. मी त्याच्यासमोर रडले. तो म्हणाला, "सावली आपल्याच जमिनीची हाय, बाय. दुसऱ्याची न्हाय." त्यापेक्षा त्याने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं…

त्याने खुर्ची मागे सरकवली. सावली पुढे येईल तशी खुर्ची घराकडे. सावली पार ओट्यावर चढली की खुर्ची उचलून गोडाऊनच्या पलीकडे, फाटकापाशी. तिथल्या एका ट्रक ड्रायव्हरने एकदा त्याला ट्रकच्या सावलीत अवघडून बसलेलं पाहिलं आणि म्हणाला, "चाचा, आप बैठो, गाडी मैं हटाता हूँ." हे दादा मला किती वेळा सांगायचा!

दर रविवारी नऊ वाजता सावलीची कड जिथे असेल तिथे तो अंगणातल्या कोब्यावर एक रेघ ओढायचा. दाराला लावून उरलेला हिरवा रंग होता, त्याची. मग मला फोन. "चार बोटं पुढं आली. वाढंल, मंग फिरंल." संक्रांतीनंतर ती खरंच मागे फिरायची आणि हळूहळू त्याचा आवाजही पहिल्यासारखा व्हायचा. मी तिकडे कपडे पिळत, फोन स्पीकरवर टाकून "बरं, बरं" म्हणायचे. तो फोन आता मला हवा आहे. रविवारी नऊ वाजता मी काही न करता नुसती बसून असते.

गेल्या रविवारी दिघाशीला गेले. वहिनीने अंगण झाडलं होतं, खुर्ची जागची हलवली नव्हती. मी तिच्यात बसले. नऊ वाजता सावलीची कड गेल्या वर्षीच्या दुसऱ्या रेघेला येऊन टेकली, जराही इकडे तिकडे नाही. काय वाटलं कुणास ठाऊक, मी पर्समधून फोन काढून दादाचा नंबर लावला. रिंग आत स्वयंपाकघरात वाजली. वहिनीने उचलला.

"दुसऱ्या रेघेवर आली," मी म्हणाले.

दार उघडंच होतं, तिला बाहेर येऊन बघता आलं असतं. ती आली नाही. तव्यावर भाकरी उलटल्याचा आवाज आला… मग फोनवरच ती म्हणाली, "वाढंल. मंग फिरंल."