चार्जिंगला लावलेली गाडी

आक्काचा फोन आला तेव्हा मी सांगलीत माझ्या दुकानात एका जळक्या मोटारीचं वाइंडिंग उपसत बसलो होतो. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, म्हसवडजवळच्या वस्तीवर राहते. धंद्याच्या वेळेला ती कधी फोन करत नाही. म्हणाली, "ह्यांनी गाडी चार्जिंगला लावलीया. पिन काढू, का ऱ्हाऊ दिऊ?" मी वैतागलो. दाजी घरात असताना हे मला सांगलीत कशाला विचारायचं? तेवढ्यात शेजारच्या कुणीतरी फोन घेतला आणि सांगितलं की बिरुदाजी पहाटे झोपेतच गेले.

महिना उलटून गेला, पण माझं डोकं अजून तिथंच फिरतंय. त्या सकाळी दाजी आक्काला मागं बसवून चिपळूणला निघणार होते. सामान बांधलेलं, भाकऱ्या थापायला पीठ काढून ठेवलेलं. ज्या माणसाचा पाय जन्मात घरात ठरला नाही, तो नेमका अंथरुणात जातो, हे मला काही केल्या पटत नाही.

आमची दोन्ही घरं मेंढपाळांची. दसरा झाला की कळप घेऊन कऱ्हाड, पाटणवरून कोकणात चिपळूणपर्यंत उतरायचं. गडी मेंढरांबरोबर पुढं, आणि बायका संसार लादलेलं घोडं धरून मागं. आक्काचं सगळं लहानपण त्या घोड्याच्या मागं धूळ खात गेलं. पुढं दाजी फौजेत ड्रायव्हर झाले, पेन्शनीत आले, पक्कं घर बांधलं. तेव्हा आक्कानं सांगून टाकलं की आता ह्या उंबऱ्याबाहेर मुक्कामाला म्हणून जायची नाही. आणि दाजींच्या पायाला तर भिंगरी. त्यांनी बॅटरीवरची मोटरसायकल घेतली आणि पार कन्याकुमारी गाठली, मग कच्छ. मध्येच घरी यायचे, दोन दिवस अंगणात येरझाऱ्या घालायचे, की पुन्हा पसार.

मी त्यांना चिडवायचो. म्हणायचो, दाजी, ही गाडी हाय का दमेकरी म्हातारं? जरा पळतंय की बसतंय. ते हसायचे. एकदा मात्र म्हणाले, "पेट्रोलवाला टाकी भरतो आन जातो, कुणाशी बोलत न्हाई. ह्या गाडीला दुसऱ्याच्या दारात बसावं लागतं. मेंढरांवानीच हाय की रं. पर फुकट बसायचं न्हाई." आमच्यात तसंच चालत आलंय. शेतात मेंढरं बसली की रानाला खत मिळतं, आणि शेतकरी आम्हाला धान्य देतो. दाजींनी तोच हिशेब गाडीला लावला. हायवेवरची चार्जिंग स्टेशनं सोडून मुद्दाम आडवाटेनं जायचे, एखाद्या घरी वीज मागायचे, आणि गाडी भरेपर्यंत त्या घरचं काहीतरी काम करायचे. बॅगेत पंक्चरच्या सामानाशेजारी लोकर कातरायची कातर असायची.

एकदा मीही गेलो होतो, विजापूरच्या बाजूला. एका वस्तीवर गाडी लावली आणि वीज गेली. मला दुकान दिसायला लागलं, गिऱ्हाइकांचे फोन यायला लागले. मी नुसता अंगणात फेऱ्या मारतोय, आणि दाजी आपले मोडक्यातोडक्या कानडीत बोलत घरमालकाची मेंढरं एकेक करून भादरतायत. मला एवढा राग आला होता की बास. वीज आली, गाडी भरली, तरी गडी उठेना. का, तर दोन मेंढरं राहिली होती. निघताना त्या घरच्या म्हातारीनं त्यांच्या डोक्यावरनं हात फिरवला. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

प्रत्येक वेळी निघताना ते आक्काला विचारायचे, येतीस का? ती भांडी जरा जास्तच वाजवायची. यंदा दाजींनी माझ्याकडून गाडीला मागं टेकायला लोखंडी पाठ वेल्ड करून घेतली, तिला गादी लावली. आक्कानं ती दाबून बघितली आणि म्हणाली, "चिपळूणपतोर पोचंल का ही?" दाजींनी त्याच मिनिटाला मला फोन लावला. पोराचं लग्न ठरल्यासारखा आवाज होता. "व्हय म्हणाली रं ती," एवढंच म्हणाले, आणि मग गाडीबद्दलच बोलत बसले.

दिवसकार्य झालं तरी गाडीची पिन भिंतीतच. कुणी हात लावायला धजेना. पाहुण्यांचं म्हणणं पडलं की गाडी विकून टाका, डोळ्यांसमोर नको. एक गिऱ्हाईकही आलं. मी मागच्या रविवारी गाडी न्यायला वस्तीवर गेलो. पिनेला हात घातला, तर आक्का म्हणाली, "थांब. मी काढते." तिनं पिन काढली, वायर नीट गुंडाळून बॅगेत घातली. आत जाऊन पदर खोचून आली आणि मागं बसली. "चल, चिपळूण." मी म्हटलं, आक्का, लोक काय म्हणतील? ती म्हणाली, लोकांनी घोडं वढलं न्हवतं माझं. निघालो.

कऱ्हाड मागं पडलं. पाटणच्या अलीकडं बॅटरी उतरली, तसं रस्त्याकडेच्या एका घरात मी वीज मागितली. घरची बाई भली होती, लाव म्हणाली. अंगणात नुकत्या काढलेल्या भुईमुगाचे वेल पडले होते. मी सवयीनं घड्याळ बघितलं, फोन बघितला, फेऱ्या मारायला लागलो. एवढ्यात मागं त्या बाईचा आवाज आला, आवं आक्का, तुमी कशाला, बसा की निवांत.

वळून बघतो तर आक्का वेलांच्या ढिगापाशी मांडी घालून बसलेली, ओटीत शेंगा तोडत होती. "आमी फुकट बसत न्हाई," ती त्या बाईला म्हणाली, आणि माझ्याकडं न बघता एक वेल माझ्या बाजूला सरकवला.

मी फोन खिशात घातला आणि खाली बसलो.