थोरलीला जमलं म्हणून

मधल्या सुट्टीत मी, गायकवाड सर आणि खिचडी शिजवणाऱ्या शबानाभाभी चुलीपाशी टेकलो, की बोलणं फिरून फिरून लेकरांवरच येतं. दुसऱ्याच्या लेकरांबद्दल सांगताना आपली जीभ भारी सुटते बघा! हसण्याचे किस्से पुष्कळ आहेत. पण हल्ली सांगायला बसले की आठवतात ते वेगळेच.

*

पहिलीतला अरमान बापाची एक चप्पल दप्तरात घालून आणायचा. चप्पल आपल्याकडं असली की बाप लांब जाणार न्हाई, असं त्याचं गणित! बाप जवळा बाजार या गावात बांगड्या विकतो. पोराला सोडून बिचारा अनवाणी घरी जायचा.

मी एकदा बापाला म्हणाले, "भाई, थोडं रडू द्या की. बाकीची पण रडूनच रुळतात शाळेत."

"बाई, बाकीच्यांची आई हाय घरी."

मी फळ्याखाली त्या चप्पलीला जागा करून दिली.

*

दोघी जुळ्या बहिणी. एकीला समोर बसून आग्रह केल्याशिवाय घास उतरत नाही. दुसरीकडं कुणी नुसतं बघितलं तरी ती ताट सरकवते. शबानाभाभी एकीपुढं मांडी घालून बसतात आणि दुसरीकडं पाठ करतात.

सर म्हणाले, "भाभी, किती हे लाड!"

"सर, तुमाला चहात साखर जास्त लागते. मी कधी काही बोलली का?"

*

सरही काही कमी नाहीत. एका मुलीनं पाढा बिनचूक म्हटला म्हणून त्यांनी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. पोरगी रडायलाच लागली! दुसऱ्या दिवशी शाळेत आलीच नाही.

आता तिचं काही बराबर आलं की सर जाता जाता तिच्या बाकावर बोटानं हळूच टकटक करतात. ती मान खाली घालून हसते. वर्गाला पत्ता नसतो.

*

आणि तांड्यावरचे किसनराव. त्यांना दोन मुली, चौथीतली पायल आणि दुसरीतली सोनू.

आमच्याकडं पोहायला शिकवायची एकच रीत. लेकराच्या कमरेला रिकामा डबा बांधायचा, विहिरीत ढकलायचं आणि मागून बापानं उडी टाकायची. पायलला असंच ढकललं होतं. वर आली ती हसतच. "पप्पा, अजून एकदा!"

या उन्हाळ्यात सोनूला ढकललं. तीच विहीर, तोच बाप. लागलं-खुपलं काही नाही, लगेच वर काढली. पण पोरगी बापाशी बोलेचना. त्याच्या हातचं पाणीसुद्धा पिईना!

शाळा सुरू झाल्यावर किसनराव आले आणि व्हरांड्यात उकिडवे बसले. "बाई, थोरलीला जमलं. हिलाच काहून न्हाई?"

मला रागच आला. "थोरलीला तरी विचारलं होतं का तुमी? तिला आवडलं हे तुमचं नशीब! हिला विचारा आता. आणि न्हाई म्हणली तर न्हाई."

एवढा दांडगा माणूस, डोळे पुसायला लागला. "पोहणं गेलं खड्ड्यात, बाई. तिनं एकदा पप्पा म्हणावं, बास."

त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी सोनूला घेऊन विहिरीवर जायचे. स्वतः खालच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसायचे. सोनू वर काठावर.

"सोनू, येतीस का?"

ती नकाराची मान हलवायची. किसनराव "बरं" म्हणून उठायचे आणि दोघं घरी. तांड्यावरचे लोक हसायचे. "किसन, पोरीला पोहायला शिकवून राहिला का तिची मनधरणी करून राहिला?"

"मनधरणीच," ते म्हणायचे.

परवा त्यांनी ऐन प्रार्थनेच्या वेळी फाटकाशी उभे राहून मला हातानं बोलावलं.

"काय झालं? उतरली का पाण्यात?"

"न्हाई."

"मग?"

"काल दोन पायऱ्या खाली आली, बाई. मी इचारलं, येतीस का. तर म्हणली, 'आज न्हाई, पप्पा. पर उद्या परत इचारा.'"