सुलेखा मगदूमचे जुने अमेरिकन शर्ट

सुलेखा मगदूमने पहिला शर्ट घेतला तेव्हा तिला जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनला येऊन तीन वर्षं झाली होती. या तीन वर्षांत तिला कापडाविषयी कोणी एक अक्षर विचारलं नव्हतं.

नवरा प्रताप गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, मुलगी इरा किंडरगार्टनमध्ये. सुलेखा स्वतः इचलकरंजीची. टेक्स्टाइलचा डिप्लोमा करून तिने पाच वर्षं तिथल्या एका कारखान्यात कापड तपासायचं काम केलं होतं. तुटलेला धागा तिला हाताने कळायचा, बघावं लागायचं नाही. त्या डिप्लोम्याचं जर्मनीत काय करायचं, हे मात्र तिला कोणीच सांगू शकलं नाही.

२०१२ च्या मे महिन्यात एका शनिवारी ती फ्लोमार्क्टला, म्हणजे जुन्या सामानाच्या बाजाराला गेली. शहराला लागूनच अमेरिकन सैन्याचा तळ आहे. बदली झाली की तिथली कुटुंबं सामान विकून मोकळी होतात. तशाच एका बाईने खोकं भरून शर्ट मांडले होते. तिचे वडील पन्नासच्या दशकात कॉलेजला होते तेव्हापासूनचे. सुलेखाने एक फिकट निळा शर्ट उचलला. उभे धागे निळे, दोन-दोन जोडीने घेतलेले. आडवा धागा पांढरा आणि जाड. कॉलरची टोकं बटणांनी धरलेली आणि मानेमागे आणखी एक बटण. साठ वर्षं धुऊन धुऊन कापड सायीसारखं मऊ झालं होतं, पण एक धागा सरकला नव्हता.

"सगळं खोकं द्या," ती म्हणाली.

त्या वेळी पुण्याहून सासूबाई, कुसुमताई, राहायला आल्या होत्या. त्यांनी खोक्याला हातही लावला नाही.

"परक्याने घातलेले कपडे गं. मेलेल्या माणसाचेही असतील."

"असतील, आई. कापड जिवंत आहे."

"आपल्याला काय कमी आहे? प्रताप एवढा कमावतो."

"कमी आहे म्हणून नाही आणले. मला आवडले म्हणून आणले."

पुढे ती दर शनिवारी जाऊ लागली. या कपड्यांना अमेरिकेत प्रेपी म्हणतात, श्रीमंत कॉलेजांतल्या पोरांचा हा रोजचा वेश, हे तिने ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांत वाचलं. बाकीचं तिला कपड्यांनीच शिकवलं. पन्नास-साठच्या दशकातले शर्ट मापात शिवलेले, पाठीवर टांगायला कापडाचा छोटा फास. उन्हाळी शर्टांचं चौकड्यांचं कापड तर थेट मद्रासहून गेलेलं. धुताना रंग सुटायचा आणि अमेरिकन लोक तेच कौतुकाने मिरवायचे. सत्तरीत कापडात पॉलिएस्टर शिरलं. ऐंशीत श्रीमंत पोरांचा हा वेश सगळ्यांनी उचलला, रंग भडक झाले आणि अंग ऐसपैस झालं. नव्वदीत शर्ट तंबूएवढे झाले आणि शिवण दुसऱ्या देशांत गेली. सुलेखाने वह्या भरल्या. फाटलेल्या कॉलरी ती उलटून शिवू लागली, आणि ते शर्ट स्वतः घालू लागली.

त्या वर्षी तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला ती इरकली साडी नेसून गेली, तीही ब्लाउजऐवजी मद्रास चौकड्यांच्या शर्टावर. बाया बघत राहिल्या. घरी येताना गाडीत प्रताप म्हणाला, "लोक विचारत होते, वहिनींचं बरं आहे ना."

"मग काय सांगितलंस?"

"हसलो."

"पुढच्या वेळी सांग, बरं आहे."

२०१४ मध्ये तिला श्टुटगार्टला काम मिळालं. होल्झर नावाच्या माणसाचं जुन्या अमेरिकन कपड्यांचं दुकान होतं. मागच्या खोलीत खिडकीपाशी शिलाई मशीन होतं. होल्झर मोजकं बोलायचा, पण तिच्या हातातलं काम परत कधी उलटून बघायचा नाही. दोन वर्षं ती तिथे खूश होती.

एके सकाळी त्याने तिच्यापुढे वीस शर्ट ठेवले आणि शेजारी कॉलरमागच्या, कंपनीच्या नावाच्या चिठ्ठ्यांचं पाकीट. चिठ्ठ्या साठच्या दशकातल्या, फाटून गेलेल्या शर्टांवरून काढलेल्या. शर्ट मात्र ऐंशीतले.

"या यांच्यावर शिवायच्या."

"हे शर्ट त्या काळातले नाहीत."

"गिऱ्हाइकाला काय कळतंय?"

"मला कळतंय."

होल्झर हसला. "फ्राउ मगदूम, तुमच्याकडे ना इथलं प्रशिक्षण, ना कागद. तुम्हाला कामावर मी ठेवलं. आल्झो, तेव्हा शिवा."

सुलेखाने कात्री पर्समध्ये ठेवली, कारण ती तिची स्वतःची होती, आणि ती बाहेर पडली. राग होताच, पण दोन वर्षांचं काम एका मिनिटात गेलं, याचं दुःखही होतं.

प्रतापला वाटलं, आता हे वेड थांबेल. तिने दुसऱ्या आठवड्यात राटहाउसमध्ये, म्हणजे नगरपालिकेत जाऊन स्वतःच्या नावाने धंद्याची नोंद केली. ज्या फ्लोमार्क्टला ती घ्यायला जायची तिथेच आता विकायला उभी राहिली. प्रत्येक शर्टाला एक पुठ्ठा बांधलेला: कोणत्या दशकातला, कशावरून, आणि तिने कुठे काय दुरुस्त केलं.

"माझ्या ऑफिसातले लोक तिथे येतात, सुलेखा."

"गेनाऊ, तेच तर. त्यांच्या मापाचेही आहेत."



पुढच्या वर्षी एका जुन्या सूतगिरणीच्या हॉलमध्ये फक्त जुन्या कपड्यांचा मोठा मेळा भरला. सुलेखाला कोपऱ्यात एक टेबल मिळालं. दुपारी एक विद्यार्थी शर्ट घेऊन तिच्याकडे आला. समोरच्या रांगेतल्या होल्झरकडून त्याने तो नुकताच घेतला होता. "हा साठचाच ना?"

तिने हात फिरवला आणि म्हणाली, "नाही. परत करा."

दहा मिनिटांत होल्झर आला, सोबत मेळा भरवणारी बाई, फ्राउ ब्रांट. "ही माझी जुनी शिवणकामवाली," होल्झर म्हणाला. "काढून टाकली म्हणून सूड घेते आहे. हिला कपड्यांतलं काय कळतं?"

फ्राउ ब्रांटने सुलेखाकडे पाहिलं. "एकतर सिद्ध करा, नाहीतर टेबल आवरा."

आजूबाजूला माणसं जमली. सुलेखाचं जर्मन चिडली की अडखळायचं, म्हणून ती सावकाश बोलली. "मला यांनी काढलं नाही, मी सोडलं. आता हे बघा." तिने शर्ट उलटा केला. कॉलरमागची चिठ्ठी बोटाने वर केली. चिठ्ठीच्या कडेला टाक्यांची जुनी भोकं होती आणि त्यांच्या आतल्या बाजूला नवे टाके. "ही चिठ्ठी आधी दुसरीकडे शिवलेली होती." मग तिने डावीकडची शिवण दोन बोटांनी उघडून धरली. आत पांढऱ्या पट्टीचा नखाएवढा तुकडा अडकलेला होता. "कपडा कसा धुवायचा, ते सांगणारी पट्टी. अमेरिकेत ती बहात्तर सालापासून सक्तीची झाली. इथे ती होती आणि कोणीतरी कापली. साठच्या शर्टाला ही कशाला असेल?"

"कोणीही कापली असेल," होल्झर म्हणाला.

"मग तुमचे बाकीचे शर्ट आणा. सगळ्यांसमोर उघडू."

होल्झर जागचा हलला नाही. फ्राउ ब्रांट स्वतः गेली, पाच शर्ट घेऊन आली आणि शिवणी उघडून बघू लागली. तिसऱ्या शर्टानंतर तिने बघणं थांबवलं. विद्यार्थ्याचे पैसे परत मिळाले आणि होल्झरला तासाभरात टेबल आवरावं लागलं.

"तुम्ही राहू शकता," फ्राउ ब्रांट म्हणाली.

"राहायला मी केव्हाच आले आहे," सुलेखा म्हणाली. "दारावरच्या यादीत माझं नाव नाही. ते घाला."

फ्राउ ब्रांटने खिशातलं पेन काढलं आणि दाराकडे गेली.

त्यानंतर लोक दुरून कपडे तपासून घ्यायला येऊ लागले. शनिवारी खोकी पोचवायला प्रताप गाडी काढतो. जुना शर्ट मात्र त्याने अजून अंगाला लावलेला नाही. कुसुमताई आल्या की त्या शर्टांबरोबर आपले कपडे धुऊ देत नाहीत. सुलेखाने तळघरात कपडे धुवायचं दुसरं मशीन घेतलं आणि वाद संपवला.

२०१९ च्या शरदात इरा बारा वर्षांची झाली. वाढदिवसाला आईने जपून ठेवलेला पट्ट्यांचा शर्ट तिने बाजूला सारला. "इश विल वास नॉयेस." तिला नवीन हवं होतं. सुलेखाला ते लागलं. पण मान खाली घालून दुसऱ्याचं ऐकायला तिने मुलीला कधी शिकवलंच नव्हतं. दोघी श्टुटगार्टला मोठ्या दुकानात गेल्या. इराने निवडलेला शर्टही पट्ट्यांचाच निघाला: कोरा करकरीत, पण रंग मुद्दाम विटवलेला आणि कॉलर मुद्दाम कुरतडलेली.

सुलेखाने कापड बोटांत धरलं आणि ठेवून दिलं.

"घे," ती म्हणाली. "तुझा आहे. पण ही कॉलर उसवली तर मी शिवून देणार नाही. सुई कशी धरायची ते दाखवीन, शिव तुझी तू."

"हो," इरा म्हणाली, आणि शर्ट घेऊन गल्ल्याकडे गेली.